तंबूच्या दारातल्या बाई

प्रदर्शन बघून लोक बाहेर निघाले की बाई पदर खोचून तंबूच्या दारात आडव्या उभ्या राहायच्या. "एक प्रश्न विचारायचा, मंग जायचं," म्हणायच्या. माणूस गडबडून हसला किंवा मान खाली घालून निसटू लागला, की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "विचारा की. विचारायला काय खर्चा येतोय?"

मी त्या प्रदर्शनाच्या गाडीचा ड्रायव्हर होतो. एका संग्रहालयाने लोकशाहीवर फिरतं प्रदर्शन काढलं होतं. निजामाच्या राजवटीतले फोटो, ग्रामपंचायतीचा लाकडी नमुना, एक खरी मतपेटी आणि नागरिकांचे हक्क ठळक अक्षरांत लिहिलेले फलक. आज ज्याला जालना जिल्हा म्हणतात त्या मुलखात आम्ही गावोगाव जायचो. मी तंबू ठोकायचो, बाई माहिती सांगायच्या.

बाई आधी शाळेत शिकवत. घर बौद्धांचं. वडील परतूरच्या बाजारात कापसाच्या गाठी उचलायचे. बाईंचा आवाजही त्या बाजारात तयार झालेला. भोंगा कधी लागला नाही. हसनाबादला एक म्हातारा दारात अडला आणि म्हणाला, "पेटीला कुलूप कशापायी? म्हंजी चोर घरातलाच हाय म्हणा की." बाई पोट धरून हसल्या. पुढे प्रत्येक गावात त्यांनी त्या म्हाताऱ्याचा प्रश्न सांगितला, आणि तो त्याचाच म्हणून सांगितला.

एका गावात सरपंचांनी प्रदर्शन देवळाच्या सभामंडपात मांडायला लावलं. गाव आत शिरलं. बौद्धवाड्यातल्या बाया मात्र रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. बाईंनी बोलावलं, तर त्या म्हणाल्या, आम्हाला इथून दिसतंय. एवढ्या लांबून काय दिसणार, ते तुम्हाला मी सांगायला नको. बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, फलक बाहेर काढा."

सगळं प्रदर्शन आम्ही पुन्हा रस्त्यावर मांडलं. फलक बैलगाड्यांना टेकवले, मतपेटी दगडावर ठेवली. ऊन फार आहे, त्रास होईल, असं सरपंच गोड बोलून सांगत राहिले. बाई म्हणाल्या, ऊन सगळ्यांना बराबर लागतं.

बघून झाल्यावर बाईंनी त्या बायांनाही अडवलं. मग एक मजूर बाई पुढे आली. "मत टाकायला रांग एकच असती. मंग हिरीवर आमची घागर शेवटी का?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला कशाला विचारता? सरपंच इथंच उभे आहेत. त्यांना विचारा."

तिने विचारलं. सगळ्या गावासमोर सरपंचांना दुसरं काही म्हणता येईना. कोण अडवतंय, भरा की, असं ते पुटपुटले. बाई लगेच म्हणाल्या, चला मग. आणि फलक तिथेच टाकून त्या बायांबरोबर विहिरीवर गेल्या. मीही गेलो. काठावरच्या बायका आधी हटल्या नाहीत. मग त्यांच्यातल्याच एका म्हातारीने आपली घागर बाजूला ओढली आणि जागा केली. पोहरा आत गेला तेव्हा बाई कडक इस्त्री केल्यासारख्या ताठ उभ्या होत्या, पण डोळे पुसत होत्या.

तक्रार आमच्या आधीच संग्रहालयाच्या कार्यालयात पोचली होती. बाई गावात भांडणं लावतात. त्यातच आणीबाणी आली. बोलण्याच्या हक्काचा फलक काढायचा हुकूम झाला. साहेबांनी बाईंना बोलावलं आणि यापुढे लोकांना प्रश्न विचारायला लावणार नाही, असं लिहून मागितलं. मी किल्ली द्यायला गेल्तो, म्हणून मला ऐकायला मिळालं.

"प्रदर्शनाचं नाव लोकशाही आहे साहेब," बाई म्हणाल्या. "आधी नाव बदला. मग लिहून देते."

बाईंना कामावरून काढलं. त्यांच्या जागी एक गृहस्थ आले. ते फलक वाचायचे आणि घड्याळ बघायचे.

पुढचा मुक्काम परतूर. तंबू लागला, रांग लागली, आणि एसटीतून बाई उतरल्या. खांद्याला पिशवी. मुकाट रांगेत उभ्या राहिल्या, सगळं प्रदर्शन पाहिलं आणि दारात येऊन त्या गृहस्थांना म्हणाल्या, "इथं बोलायच्या हक्काचा फलक होता. तो कुठं गेला?" गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. तो फलक टांगायचो त्या रिकाम्या दोरीकडे लोकांनी पाहिलं. नोकर म्हणून काढता येतं. बघायला आलेल्या माणसाला कसं काढणार? मग त्या प्रत्येक मुक्कामाला येऊ लागल्या. दिवस वाईट आहेत बाई, उचलून नेतील, असं मी एकदा न राहवून म्हणालो. त्या म्हणाल्या, नेऊ द्या, तिथंही विचारीन.

शेवटी वरून प्रदर्शनच बंद करायचा आदेश आला. तेव्हा आम्ही शहागडला होतो, हमरस्त्याच्या कडेला. मी सामान गाडीत भरत होतो. लोक येऊन रिकाम्या जागेकडे बघत थांबले होते. बाई एसटीतून उतरल्या. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. जिथे तंबू होता तिथे जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्या फोटोपासून सगळं प्रदर्शन तोंडी सांगू लागल्या.

हवालदार आला. जमाव करू नका, निघा, म्हणाला. लोक चुळबुळले. तेवढ्यात एक शेतकरी पटका सावरत खाली बसला आणि शेजाऱ्याचं धोतर ओढून म्हणाला, "बस खाली. बाई सांगून राह्यल्यात."

मला निघायला सांगितलं होतं. मी गाडी सुरू केली. त्यानंतर बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. पण आरशात शेवटचं पाहिलं ते आजही तसंच आठवतं. ट्रकवाले, टपरीवाले, बाजाराला आलेल्या बाया, सगळे धुळीत मांडी घालून बसले होते. उभे होते ते दोघंच, हवालदार आणि बाई. आणि बोलत होत्या बाई.