उघडे टॅब आणि बाबांचा नाका

आमच्या गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर येते. तिथे एक मोहाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी उभं राहून कुरखेड्याकडे तोंड केलं की फोन शुद्धीवर येतो, जरा सरकलं की पुन्हा बेशुद्ध. म्हणून कोणी तळ्यावर निघालं की बाकीचे त्याच्याकडे इंटरनेटवरची पानं सांगून ठेवतात, बाजाराला जाणाऱ्याकडे हळद-मीठ सांगावं तशी. "बाई, धानावर तुडतुडा आला, त्याचं एक पान आणजो." "माह्या पोरीच्या निकालाचं पान आणजो." मी पाळीवर उभी राहून एक पान उघडायचे, ते पूर्ण येईपर्यंत थांबायचे, मग शेजारी नवा टॅब उघडून दुसरं. सगळं झालं की फोन पदराखाली धरून घरी. पदराखाली धरल्यानं पान टिकतं असं काही नाही, पण आमच्याकडे सगळ्याच बाया तसंच धरतात.

घरी आणलेल्या पानाचा एकच नियम. त्याला ताजं करायचं नाही. ते गोल बाणाचं चिन्ह कोणी चुकून दाबलं की पान जातं आणि त्याच्या जागी तो इवलासा डायनासोर येऊन उभा राहतो. शेजारची म्हातारी त्याला कोंबडं म्हणते. "तुह्या फोनात कोंबडं आलं का वं?" असं विचारते आणि आलं म्हटलं की हळहळते.

त्यामुळे मी टॅब कधीच बंद करत नसे. बंद केला म्हणजे पुन्हा तळं. वरच्या चौकोनातला आकडा वाढत वाढत शंभराला टेकला, तेव्हा फोननं मोजणं सोडलं आणि तिथे एक हसरा चेहरा काढला. मुलगी म्हणाली, "आई, फोन तुह्यावर हसून राह्यला."

"हसू दे. तुह्या बापापेक्षा तरी हसते."

हे सगळं सांगायचं कारण माझे बाबा. बाबांची अख्खी नोकरी जंगलखात्याच्या नाक्यावर गेली. ट्रक आला की दांडा वर, ट्रक गेला की दांडा खाली. निवृत्त झाल्यावर सरकारनं दांडा काढून घेतला, पण सवय काढून घेतली नाही. आमच्याकडे आले की आधी अंगणाचं फाटक लावायचे, मग पिठाच्या डब्याचं झाकण, मग कोणी जास्त बोलत असेल तर त्याचं तोंड. जेवताना दार उघडं दिसलं तर हातातला घास ठेवून उठायचे. मुलगी तिच्या फोनातले टॅब बोटानं बाजूला ढकलून बंद करते, ते त्यांना फार पसंत होतं. माझे टॅब त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "एवढं उघडं ठेवून तुले झोप कशी लागते?" मी फोनला कुलूपही लावत नाही, हे कळल्यावर तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. आम्ही त्यांना गोंडपिपरीकडच्या त्यांच्या गावाहून आमच्याकडे आणलं. वाचा हळूहळू परत आली. पायही काठीच्या आधारानं दारापर्यंत जायला लागला. हात मात्र आला नाही. कोणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा तो त्यांच्या मांडीवर पडून असायचा. मला तो बघवत नसे. लहानपणी नाक्यावर दांड्याच्या, वजनाला दगड बांधलेल्या टोकाला मला बसवून बाबा त्याच हातानं दांडा दाबायचे. मी खाली यायचे, समोरचं टोक वर जायचं आणि ट्रक सुटायचा. कितीतरी दिवस मला वाटायचं की जंगलातले ट्रक मीच सोडते.

गडचिरोलीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिनं साफ सांगितलं, "पुढचे काही महिनेच हातात आहेत. आता हात हलवला नाही तर तो असाच राहील." तिनं माझ्या फोनात एक पान उघडून दिलं. त्यात हलत्या चित्रातला हात पेला उचलतो, फडक्यानं टेबल पुसतो, बोटं उघडतो, मिटतो. मुलगी म्हणाली, "फोटो काढून ठेव, रोज तळ्यावर कायले जाते?" काढला. फोटोतला हात हलेना. न हलणारा हात आमच्याकडे आधीच होता.

मग रोज अंगणवाडी उघडायच्या आधी मी तळ्यावर जायचे. फोनात टॅब फार झाले की तो जुने विसरतो, म्हणून व्यायामाचं पान रोज नव्यानं उघडायचं, पदराखाली धरायचं आणि घरी येऊन बाबांपुढे ठेवायचं.

बाबा चित्रातला हात बघायचे आणि म्हणायचे, "त्याचा तं चालून राह्यला."

"तुमीबी करा ना, बाबा. पेला उचलल्यासारखं करा."

"पेला कुठी हाय?"

"आहे असं समजा."

"आण, मंग उचलतो."

आणला. उचलला गेला नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. मी त्यांच्यावर ओरडले. अंगणवाडीत असल्यामुळे ओरडणं मला जमतं. मग चुलीपाशी जाऊन रडले, तेही मला जमतं.

फोनाला हात लावायला मात्र घरात सक्त मनाई केली. कोणी बोट लावायचं नाही. मुलीच्या फोनाची बॅटरी उतरली की तिला माझ्या फोनात गाणी हवी असायची, नवऱ्याला उगाच काहीतरी दाबून बघायची खोड. म्हणून मी बाहेर जाताना फोन बाबांच्या खाटेवर, त्यांच्या उजव्या बाजूला ठेवून जायला लागले. घरात तेवढी एकच जागा होती जिथे फोनला हात लागायची भीती नव्हती.

एका दुपारी अंगणवाडीतून आले, फोन उचलला आणि पाहिलं तर आत काहीच नाही. हसरा चेहरा गेला. तुडतुडा गेला, निकाल गेला, व्यायामाचं पान गेलं. चौकोनात भोपळा.

मी अंगणातूनच सुरू झाले. "कोणी हात लावला?"

"मी नाई," मुलगी म्हणाली.

"मी काऊन लावू?" नवरा म्हणाला. "मले त्या फोनाचं भेव वाटते."

"मंग काय कोंबड्यानं बंद केले? गावाचे टॅब होते त्यात! सकाळीच तं पाळीवर उभी राहून आणले मी!"

"मी लावले," खाटेवरून बाबा म्हणाले.

"काय लावले?"

"सारे उघडेच पडून होते. लावले."

मला खरंच काही कळलं नाही. वाटलं, डावा हात कसाबसा अंगावरून इकडे आणला असेल. मी नवा टॅब उघडला, फोन त्यांच्यापुढे धरला आणि रागातच म्हटलं, "कसे लावले? दाखवा."

बाबांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला. उजवा मांडीवरून उठला. फार हळू उठला, थरथरत, बाकीची बोटं मिटलेली आणि एक बोट सरळ. ते बोट काचेवर येऊन टेकलं. जरा अडकलं. मग बाबांनी श्वास धरला आणि ते बाजूला ओढलं. टॅब गेला. हात पुन्हा मांडीवर पडला.

"असे," बाबा म्हणाले. "एकेक. लय उघडे होते वं. सारी दुपार गेली."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तोंड लाव," बाबा म्हणाले.

मी रडले. इतकी जोरात रडले की शेजारची म्हातारी धावत आली आणि दारातूनच विचारू लागली, "काऊन रडते वं? कोंबडं आलं का?"

"बाबांनी टॅब बंद केले," मी म्हटलं.

"मंग रडाले काय झालं? पुन्हा आण."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेले आणि आधी गावाची पानं आणि व्यायामाचं पान मुलीच्या फोनात नीट उघडून घेतली. मग माझा फोन काढला. हत्ती कसे झोपतात, सिरोंच्याची बस, लोकरीचा स्वेटर, अळूची वडी, चंद्रावर कोण कोण जाऊन आलं, जे सुचेल ते उघडत गेले. पान यायचीही वाट बघितली नाही, यायची गरजच नव्हती. फोन पुन्हा हसेपर्यंत उघडत राहिले. शेजारी उभा असलेला एक भाऊ म्हणाला, "बाई, एवढं वाचता कवा तुमी?" मी पुढचा टॅब उघडला.

घरी आले. फोन बाबांच्या उजव्या बाजूला ठेवला.

"बाबा, सारं उघडं टाकून आली."

बाबांनी फोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जिभेनं च्यक केलं.

"लाज नाई वाटत तुले," ते म्हणाले आणि त्यांनी हात उचलला.