कॅम्पिंग ट्रेलर, सासूबाईंचे गुडघे आणि नवा तांदूळ

ट्रेलर बघायला जाताना लोक गाड्यांतलं कळणारा एखादा मित्र सोबत नेतात. मी सासूबाईंना नेलं.

कारण साधं होतं. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर एका लग्नाला आम्ही बालाघाटला गेलो, तर लॉजवर संडास उकिडवं बसायचा. आत गेलेल्या सासूबाईंना दोन अनोळखी बायांनी काखेत हात घालून उठवलं. "मले पोतं उचलल्यावानी उचललं," एवढंच त्या बोलल्या, आणि तेव्हापासून त्यांनी गोंदियाजवळचं कुडव्याचं घर सोडलं नाही. त्यांची धाकटी बहीण गंगामावशी बोदलकसा तलावाजवळ राहते. घरून निघालं की गप्पा संपायच्या आत पोचतो, एवढ्यावर. पण संडास तिथेही तसाच, त्यामुळे बहिणींची भेट फोनवरच.

"सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ," असं माझे यजमान विलास म्हणायचे. त्यांचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला सकाळ-संध्याकाळ.

"आणि मधल्या वेळात?" मी विचारलं. ते पंख्याकडे बघायला लागले.

मग मी ठरवलं, जो संडास आपल्यासोबत येईल त्याच्यासोबतच आपण जायचं. दोन महिने मोबाइलवर कॅम्पिंग ट्रेलर बघितले. चारचाकीच्या मागे ओढायचं हे छोटं घर विकत घेण्याआधी काही दिवस भाड्यानं वापरून बघा, हा माझा पहिला सल्ला. भाडं बऱ्या हॉटेलच्या दोन खोल्यांएवढं पडतं, पण चुकीचा ट्रेलर आयुष्यभर दारात उभा राहतो. गाडीला हुक लावायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. हुक विकणारा नाही म्हणणार नाही.

नागपूरकडे ट्रेलर बनवणारे सलीमभाई दोन नमुने घेऊन आले आणि जवळच्या मुर्रीत एका मोकळ्या प्लॉटवर उभे केले. आम्ही चौघं गेलो: मी, विलास, कॉलेजात शिकणारी आमची केतकी आणि काठी टेकत सासूबाई.

पहिला ट्रेलर चंदेरी. छताला रंग बदलणारे दिवे, भिंतीला टीव्ही, काचेचे पेले उलटे टांगायला खास पट्टी. माणसाला धरायला मात्र कुठे काही नाही.

"मॅडम, ये हमारा प्रीमियम मॉडल है," सलीमभाई म्हणाले.

सासूबाईंनी पायरीकडे बघितलं. "कायले एवढी उंच ठेवली जी? पुराचं पाणी येते का यात?"

"आंटीजी, लडका चढा देगा ना."

त्यांचा माणूस पुढे झाला. मी मधे उभी राहिले. "हात लावायचा नाही. ज्या गाडीत यांना स्वतःहून चढता येत नाही, ती आमची नाही."

"अगं, टीव्ही तरी बघ," विलास.

"घरी आहे. तुम्हीच बघता."

दुसरा ट्रेलर पांढरा, दिसायला दवाखान्याच्या कपाटासारखा. पण जमिनीलगत. पायऱ्या बुटक्या, दाराशी धरायला जाड दांडा, संडासाचं दार बाहेर उघडणारं, आत कमोड आणि वळायला जागा. सासूबाई स्वतःच चढल्या, आत गेल्या, दार लावलं. आम्ही बाहेर उभे. आतून बसल्याचा आवाज आला, उठल्याचा आला, पुन्हा बसल्याचा आला. विलास घसा खाकरून आभाळ बघत होते. शेवटी दार उघडलं.

"उठता येते," सासूबाई म्हणाल्या.

वाचकहो, ट्रेलरची परीक्षा ही अशीच करायची असते. विकणाऱ्यासमोर संडासात दार लावून बसायची लाज वाटत असेल तर घेऊ नका. छतावर पाइपनं पाणी सोडायला लावा आणि आतले सांधे हातानं चाचपा. सुटं चाक मागा. बिछान्यावर झोपून कूस बदलून बघा. केतकीनं हे सगळं केलं. विलासनी दिव्याचे रंग बदलून बघितले, तेही नाकारलेल्या गाडीत.

पांढरा ट्रेलर काही दिवस भाड्यानं घेतला. निघताना सलीमभाईंनी बजावलं, "वजन हमेशा पहियों के आगे. पीछे भरोगे तो गाडी दुम हिलायेगी. और चलती गाडी में अंदर कोई नहीं बैठेगा." विलासनी मान डोलावली. 'जेवणानंतर घ्या' म्हटल्यावर त्यांची गिऱ्हाइकं डोलावतात तशी.

मावशीकडे जायचा तिरोड्याचा रस्ता बरा आहे, पण धान घेऊन राइस मिलकडे निघालेले ट्रॅक्टर आपल्याच तोऱ्यात असतात. ट्रेलर ओढताना पन्नासच्या वर जाऊ नका आणि ओव्हरटेक करायची हौस घरी ठेवा. तिरोड्यात तर्री-पोहे खाल्ले. दुपारी मावशीकडे पोचलो. तलावाच्या काठाला ट्रेलर लावायचा मोह होतो, पण तिथली माती भुसभुशीत. आम्ही मावशीच्या मोकळ्या झालेल्या खळ्यावर लावला. जमीन टणक, सपाट, आणि झाडांमधून बोदलकसाचं पाणी दिसतं.

गंगामावशी धावत आल्या. दोघी बहिणींनी एकमेकींचे गाल धरले आणि पोवारी बोलीत असा वेग घेतला की मला, इतक्या वर्षांच्या सुनेला, निम्मं कळलं. मग सासूबाईंनी बहिणीला सगळ्यात आधी काय दाखवलं असेल? तलावाकडची खिडकी नाही, गॅसची शेगडी नाही. संडास.

"बसून पाहाय," त्यांनी फर्मावलं.

मावशी बसून आल्या. "खुर्चीच हाय हे त."

रात्रीला झिंगे-वांगी आणि नव्या तांदळाचा भात. मावशी घरी झोपायला जायचं नावच घेत नव्हत्या. सुनेनं हाक मारली तेव्हा उठल्या.

सकाळी निघताना तेच झालं जे आमच्या भागात धान निघाल्यावर कुठल्याही दारात होतं: रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. नव्या तांदळाची दोन पोती आली, वर पोहे, लाखोळीची डाळ. आता चाकांपुढचा सामानाचा कप्पा बिछान्याखाली, झोपणाऱ्याचे पाय नेमके त्यावर. विलास पोतं घेऊन तिकडे वळले, तर सासूबाईंनी काठी आडवी केली.

"नव्या तांदळावर पाय करून झोपाचं? बुद्धी गेली का तुही?"

मावशींनी कानाला हात लावले. मलाही ते बरं वाटेना. लहानपणापासून सांडलेला दाणा ओलांडलेला नाही, सलीमभाईंच्या सूचनेसाठी आता कुठे ओलांडू? तांदूळ सन्मानानं मागच्या कप्प्यात गेला.

आमच्याकडचं गोरेगाव ओलांडून कोहमाऱ्याकडे निघालो, नवेगावबांधच्या तलावाशी मुक्काम करायचा होता. उतारावर समोरून ट्रक गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग आमची गाडीच इकडून तिकडे. विलासनी ब्रेक दाबला नाही, नुसता पाय उचलला, एवढं शहाणपण त्यांनी दाखवलं हे कबूल करते. गाडी कडेला थांबली. केतकीनं माझा हात सोडला तेव्हा त्यावर तिची नखं उमटली होती.

सासूबाईंची नजर त्या नखांवर गेली. मग सासूबाई म्हणाल्या, "घरी चाल विलास. गंगी भेटली, झालं माहं. माह्यापाई पोरीचा जीव कायले?"

मला माहीत होतं, आत्ता गाडी कुडव्याकडे वळली तर ती पुन्हा निघणार नाही. विलास किल्लीला हात घालत होते. मी म्हटलं, "थांबा," आणि सलीमभाईंना फोन लावला.

"पीछे क्या डाला?"

"चावल."

"गोंदियावाले हो. मुझे पूछ लेना चाहिए था. आगे डालो."

पुढे म्हणजे पायाखाली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "आई, पाय तिकडे होतात म्हणून अडलंय ना? उशा तिकडे केल्या तर?"

त्यांनी विचार केला. घाईनं नाही.

"डोक्याखाली चालते," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीवर डोकं ठेवाले कोन नाई म्हनते?"

विलास भर रस्त्यात पोती वाहायला लागले. सायकलवरचे एक काका थांबले. "काऊन जी, बिघडली का?"

"नाही, तांदूळ हलवून राहिलो."

"विकाचा हाय का?"

त्यानंतर ट्रेलर असा सरळ चालला की विलास स्वतःचं कौतुक करायला लागले. नवेगावबांधला आम्ही सगळे उलट्या दिशेनं झोपलो, डोकी तांदळाकडे. सकाळी जाग आली तर सासूबाईंचा बिछाना रिकामा. दार उघडं होतं. त्या खाली उतरून, शाल गुंडाळून, खुर्ची टाकून तलावाकडे बघत बसल्या होत्या. कोणाला हाक मारली नव्हती. मी चहा ठेवला आणि मुद्दाम उशिरा नेला.

आता घरी येऊन हिशेब मांडते. ट्रेलर ओढणं म्हणजे आराम नाही. पाणी भरा, घाणीची टाकी रिकामी करा, गाडी मागे घेताना अख्ख्या मोहल्ल्याच्या सूचना ऐका. हॉटेल सोपं पडतं, ज्याचे गुडघे वाकतात त्याला. आमच्या घरात तांदळाला जागा हवी, तीही चाकांच्या पुढे आणि डोक्याच्या बाजूला. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहून ठेवलं.

सलीमभाई पांढरा ट्रेलर परत न्यायला कुडव्याला आले. "तो फिर? ऑर्डर लिखूं?"

विलास म्हणाले, "विचार करून सांगतो." मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई ओसरीतून बोलल्या.

"याच्यात बिछाने चारच हायेत का जी?"

"चार ही आयेंगे, आंटीजी. परिवार के हिसाब से बराबर है."

"बराबर नाई. गंगी येऊन राहिली सोबत, तिले मी सांगतलं." त्यांनी जरा वेळ विलासकडे बघितलं. "बाहेर लावाचा तंबू भेटते का तुमच्याकडे? एका मानसाचा."