भिंतीतून आरपार जाणारा चौकोन

दादाच्या उजव्या हाताची बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. तो रांजणगावला एका लहानशा वर्कशॉपमध्ये कंत्राटावर होता, पत्र्याचे पार्ट कापणाऱ्या प्रेसवर. दवाखान्यातून घरी आला तो हात टॉवेलात गुंडाळून. पुढं जखम भरली, टाके निघाले, पण टॉवेल काही सुटला नाही. जेवायलाही तो आमच्यात बसेना. आई ताट खोलीत नेऊन द्यायची आणि तो भिंतीकडं तोंड करून डाव्या हातानं कसंबसं जेवायचा.

अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांना त्यानं एवढंच सांगितलं होतं, "माझीच चूक झाली." आम्हालाही तेच. वडिलांनी, आप्पांनी, एकदा खोदून विचारलं तर दिवसभर बोलला नाही. मग घरात कुणी विचारायचंच सोडलं.

पुण्यातल्या एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर मामांनी मला आणून दिला होता. ठेवायला जागा फक्त दादाच्या खोलीत. त्याच्या खाटेला पाठ लावून मी कॉलेजचा प्रोजेक्ट करत बसायचे. मला नुसता एखादा गेम करायचा नव्हता. गेमच्या पोटात जे सतत चालू असतं, म्हणजे बटण दाबलं का बघायचं, वस्तू सरकवायची, चित्र नव्यानं काढायचं, ते वेगळं काढून लिहायचं होतं, म्हणजे त्याच्यावर पुढं कुठलाही गेम उभा करता येईल. त्याला इंजिन म्हणतात, एवढं एका मासिकात वाचलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं. सर म्हणाले, "लायब्ररी मॅनेजमेंट कर की, सगळे तेच करतात."

सुरुवात एका पांढऱ्या चौकोनापासून केली. तो काढायचा, पुसायचा, जरा पुढं काढायचा, पुन्हा पुसायचा. सरकायला लागला, पण असा लुकलुकायचा की बघवत नव्हतं. वीज गेली की केलेलं निम्मं जायचं. मी चिडून कीबोर्ड ढकलला, तर मागून आवाज आला, "डोळ्याला तरास होतोय त्याचा."

किती तरी दिवसांनी दादा आपणहून बोलला होता. मी मागं वळून बघितलं नाही, पुन्हा गप्प होईल या भीतीनं. खटपट करून शेवटी जमलं: चित्र आधी लपवलेल्या पडद्यावर पूर्ण काढायचं आणि मग एकदम दाखवायचं. चौकोन शांतपणे सरकू लागला. दादा खाटेवर उठून बसला.

मग मी मधोमध एक भिंत काढली. चौकोन तिच्यातून आरपार गेला.

"भिंत हाय ना ती? मग जातोय कसा?"

"त्याला कळत नाही दादा. कॉम्प्युटरला भिंत म्हणजे नुसता रंग. पुढं सरकायच्या आधी, दर वेळी, मधे काही आहे का ते तपासायला आपणच सांगावं लागतं."

ते तपासणं मी लिहिलं. बरंच चुकलं, मग बरोबर आलं. चौकोन भिंतीला टेकून थांबला. दादाला गंमत वाटेल म्हणून मी म्हटलं, "आता बघ हं, एवढ्या ओळी बंद केल्या की..." आणि चौकोन पुन्हा आरपार गेला.

"चालू कर ते."

"अरे, नुसतं दाखवते..."

"चालू कर म्हणलं ना!"

तो इतक्या मोठ्यानं ओरडला की आई चुलीपुढून धावत आली. आई दादाच्या शेजारी बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो बोलला.

"आमच्या प्रेसलाबी हुता तसा सेन्सर. हात आत असला का प्रेस खाली येतच न्हाई. सुपरवायझरनं बंद करून ठेवला हुता. टारगेट व्हईना म्हणून."

"मग चौकशीत का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं तर कामावर घेतील का पुन्हा? म्हणून खोटं बोललो. तरीबी घेतलं न्हाईच."

आई पदर तोंडाला लावून रडली. दादा मात्र रडला नाही. त्याला भलतीच काळजी लागली होती. त्याच्या जागी त्या प्रेसवर वरवंडचा एक जण लागल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तो नवा आहे, त्याला माहीत नसेल, हेच तो जेवताना, झोपताना घोकत राहिला.

रविवारी मी दादाला स्कूटीवर मागं बसवलं. तोवर नेहमी तो चालवायचा आणि मी मागं बसायचे. न्हावरा, चौफुला करत वरवंडला पोचलो. घर सापडलं. माणूस तिशीचा होता. त्यानं ओट्यावर सतरंजी टाकली, बायकोनं चहा आणला. दादानं चहा घेण्याआधी टॉवेल सोडला आणि हात त्याच्यापुढं धरला. आम्हा घरच्यांनाही त्यानं तो कधी दाखवला नव्हता.

"सेन्सर चालू करून घ्या. आधी तेवढं करा," दादा म्हणाला.

तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "म्हाईत हाय मला. चालू ठिवला का टारगेट होत न्हाई. न्हाई झालं का कंत्राटदार घरी बसवतो. काय करू, सांगा तुमीच."

बायको दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दादा चौकशीच्या साहेबांनाही भेटून आला. आधी खोटं बोललो, खरं असं असं आहे, म्हणाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि आता उशीर झाला म्हणून सांगितलं. माझा प्रोजेक्ट झाला. सरांनी पास केलं, इंजिन म्हणजे काय ते विचारलं नाही. त्या इंजिनावर उभा केलेला छोटा गेम दादानं एकदाही खेळला नाही. पण आता तो आमच्यात बसून जेवायला लागला होता, डाव्या हातानं, टॉवेल न गुंडाळता.

दिवाळीनंतर वरवंडचा तो माणूस शिरूरच्या बाजारात भेटला. बायकोनं हट्ट धरला म्हणून प्रेस सोडून पॅकिंगला गेलो, पगार कमी झाला, म्हणाला.

"मग प्रेसवर कोण हाय आता?" दादानं विचारलं.

"आलाय एक जण. लातूरकडचा."

"राहतो कुठं?"

"कारेगावात. खोली घेऊन."

दादा माझ्याकडं वळला आणि स्कूटीत पेट्रोल आहे का म्हणून विचारू लागला.