ठोसर काकांचं मधलं रीडिंग

माझा मॅनेजर केव्हिन याने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला आणि विचारलं, "हे हिंदी आहे का?"

"मराठी आहे," मी म्हणाले.

"तुला वाचता येतं?"

"मी नागपूरची आहे. येतं."

"मग वाच आणि आज हे खातं व्हेरिफाइड करून टाक."

वाचायच्या आधीच निकाल लागलेला होता.

तो कागद म्हणजे डायरीच्या एका पानाची झेरॉक्स होती. अक्षर बारीक, ओळी सरळ. "स. ९.१५ सुमनला व्यायामाला सोडले. गाडी वळवताना मागून बर्फाच्या ढिगाला टेकली, लागले काही नाही. घरी येऊन कुकर लावला. ११.५० आणायला गेलो. तिला वेळ लागला, तोवर गाडीवरचा बर्फ झाडला. दु. वरण-भात, झोप."

सोबत हाताने लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. लिहिणारे अमेरिकेतल्या नेपरव्हिलचे एक ठोसर. बायकोला स्ट्रोक येऊन गेलेला. हाताच्या व्यायामासाठी आणि बोलायच्या सरावासाठी ते तिला आठवड्यातून दोनदा एका थेरपी सेंटरला सोडत. सेंटरच्या समोरचं पार्किंग खासगी कंपनीचं. दोन तास फुकट, त्यापुढे दंड. कंपनीचं म्हणणं, गाडी पावणेतीन तास उभी होती. ठोसरांचं म्हणणं, ते दोनदा आले आणि दोनदा गेले. शेवटचं वाक्य त्यांनी पट्टी लावून अधोरेखित केलं होतं: मी तिथे नव्हतो, म्हणून पैसे देणार नाही.

मी तेव्हा शॉमबर्गमधल्या एका कलेक्शन एजन्सीत होते. लोकांनी न भरलेली बिलं वसूल करणारी कंपनी. डॉक्टरांची, जिमची, आणि खासगी पार्किंगची. नागपूरला मी एलएल.बी. केलं होतं, पण अमेरिकेत आले ती निखिलच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, व्हिसावर. वर्क परमिट मिळेपर्यंत कित्येक वर्षं घरी बसले. मिळालं तेव्हा जी पहिली नोकरी आली ती घेतली. डिस्प्यूट डेस्क. लोक लेखी हरकत घेतात, ती पत्रं माझ्याकडे यायची.

नियम सोपा आहे. वसुलीचं पहिलं पत्र आल्यापासून तीस दिवसांत माणसाने लेखी हरकत घेतली, तर एजन्सीला वसुली थांबवावी लागते. देणं खरं आहे याचा पुरावा पाठवायचा, मगच पुढे जायचं. पुरावा तपासणं हे माझं काम. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

मी खातं उघडलं. पार्किंग कंपनीने दोन फोटो दिले होते. नऊ चौदाला आत जाणारी गाडी. अकरा अठ्ठावन्नला बाहेर पडणारी गाडी. दोन्हीत मागची नंबरप्लेट स्वच्छ. त्या पार्किंगमध्ये माणूस नसतो. कॅमेरा नंबर वाचतो, कॉम्प्युटर वजाबाकी करतो आणि पत्र घरी जातं. पत्राचा रंग, अक्षरं, सगळं पोलिसांच्या दंडाच्या तिकिटासारखं. ते पोलिसांचं नसतं. एका कंपनीने पाठवलेलं ते बिल असतं.

मी पार्किंग कंपनीला ईमेल केला. त्या दिवशीचे या गाडीचे सगळे फोटो पाठवा. उत्तर आलं, दोन फोटो दिलेले आहेत, बिल बरोबर आहे.

मी केव्हिनला म्हणाले, "हा माणूस सांगतोय की तो मध्ये बाहेर गेला. कंपनी त्याबद्दल काहीच बोलत नाही."

"तो म्हणतोय कुकर लावला. कुकर म्हणजे पुरावा नाही."

"दोन फोटोही पुरेसे नाहीत."

"अनघा, ते आपले क्लायंट आहेत. व्हेरिफिकेशनचं लेटर प्रिंट कर, सही कर, पाठव."

त्या छापील लेटरमध्ये एक वाक्य होतं: आम्ही या देण्याची पडताळणी केली आहे. खाली माझं नाव.

"मी पडताळणी केलेली नाही," मी म्हणाले. "केली असं लिहिणार नाही."

केव्हिन वाईट माणूस नव्हता. माझ्या मुलीच्या फुटबॉल मॅचला जाण्यासाठी मला दोनदा लवकर सोडलं होतं त्याने. पण महिन्याला किती हरकती निकालात काढल्या, यावर त्याचा बोनस ठरायचा. तो केबिनमध्ये परत गेला. मी खात्यावर होल्ड लावला, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत पत्रं बंद.

घरी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "यार, एका पार्किंग तिकिटासाठी? सही करून टाक ना. किती वर्षांनी जॉब मिळालाय तुला."

"खोटं आहे ते."

"खोटं कुठे आहे? तुला माहीत नाही एवढंच. तो म्हातारा खोटं बोलत असेल तर?"

हा प्रश्न मला टोचला.

दहा दिवसांनी रिसेप्शनवरून कॉल आला. "कोणीतरी डिस्प्यूटचं विचारतंय, फार घाबरलेत." मी फोन घेतला. आमच्याकडे ठरलेली वाक्यं म्हणावी लागतात, ती म्हटली. कॉल रेकॉर्ड होतोय, आम्ही वसुली एजन्सी आहोत, वगैरे. पलीकडून थांबत थांबत इंग्रजी आलं. "मॅडम, आय हॅव रिटन यू लेटर. स्टिल यू आर सेंडिंग."

नाव सांगितलं. ठोसर.

"मराठीत बोला काका," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही मराठी आहात? बरं झालं. अहो, काल आणखी एक पत्र आलं. लाल अक्षरात. फायनल नोटीस."

मी स्क्रीनवर पाहिलं. माझा होल्ड कोणीतरी काढला होता. हरकत लेखी आलेली असताना, पुरावा गेलेला नसताना, हे नवं पत्र गेलं होतं. होल्ड काढायचा अधिकार आमच्या ऑफिसात फक्त केव्हिनला होता.

काकांनी आवाज लहान केला. "आमची मुलगी इथली सिटिझन आहे. तिने आमचं ग्रीन कार्ड केलं, नुकतंच आलंय. याने त्याला काही होईल का? तिला मी सांगितलेलं नाही. पोस्टाची पेटी मीच उघडतो, पत्रं माझ्या कपाटात आहेत. सुमनला तर काहीच माहीत नाही. तिला बोलता येत नाही नीट, पण चेहरा वाचते."

वसुली करणाऱ्याने समोरच्याला कायदेशीर सल्ला द्यायचा नसतो. पण त्याची दिशाभूलही करायची नसते. मी म्हणाले, "काका, हे सरकारी पत्र नाही. ही खासगी कंपनी आहे. पार्किंगच्या या बिलाचा ग्रीन कार्डाशी काहीही संबंध नाही."

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग एकदम त्यांचा सूर बदलला. "मग मी आता भांडतो. ऐका ताई. मी वीज मंडळात मीटर विभागात बत्तीस वर्षं काढली. एखाद्याचं मधलं रीडिंग हरवलं की बिल असंच फुगतं. पहिला आकडा खरा असतो, शेवटचा खरा असतो, तरी बिल खोटं असतं. तुमचं मधलं रीडिंग हरवलंय. ते शोधा."

फोन ठेवला आणि मी डायरीचं पान पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचताना मी वेळा पाहिल्या होत्या. आता बर्फ पाहिला. गाडी मागून ढिगाला टेकली. म्हणजे नंबरप्लेट बर्फाने भरली असणार. पार्किंगच्या कडेला यंत्राने सारून ठेवलेला बर्फ असतोच, आणि तो चिकटतो. बाहेर पडताना कॅमेऱ्याला नंबर वाचता आला नसेल. परत आत येतानाही नसेल. मग बायकोची वाट बघताना काकांनी बर्फ झाडला. शेवटचा नंबर कॅमेऱ्याने वाचला.

माणसाने खोटं रचलं असतं, तर त्याने बर्फाचे हे दोन तुकडे इतके सहज टाकले नसते. त्यांना स्वतःलाही त्यांचा अर्थ कळलेला नव्हता.

मी पार्किंग कंपनीला दुसरा ईमेल केला. नऊ पंधरा ते नऊ पंचवीस, आणि अकरा चाळीस ते अकरा पंचावन्न, या वेळेतले नंबर वाचता न आलेले फोटो पाठवा. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला. असे फोटो आम्ही देत नाही, म्हणाले. म्हणजे फोटो होते.

त्याच दुपारी केव्हिनने मला केबिनमध्ये बोलावलं. "माझ्या रेकॉर्डेड लाइनवर तू दुसऱ्या भाषेत काय बोललीस?"

मी त्याच्यासमोर दोन पानं ठेवली. संपूर्ण कॉलचं इंग्रजी भाषांतर, ओळीला ओळ. "दुसऱ्या कोणाकडूनही तपासून घे. आणि हे खात्याला जोडावं अशी माझी विनंती आहे."

त्याने वाचलं. "तू कोणासाठी काम करतेस, अनघा? आपल्यासाठी की त्याच्यासाठी?"

"आपल्यासाठी. हरकत असताना पत्र गेलंय. उद्या तो वकिलाकडे गेला तर तू, मी, कंपनी, सगळे अडकू."

"तो जाणार नाही. असे लोक घाबरतात आणि भरतात. आज व्हेरिफिकेशन पाठव, नाहीतर मी हे एचआरला इन्सबॉर्डिनेशन म्हणून देतो." म्हणजे वरिष्ठाचं न ऐकणं. नोकरी घालवायला तेवढं पुरतं.

मी जागेवर येऊन बसले. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक खात्याला नोंदींचा रकाना असतो. केलेली नोंद पुसता येत नाही. नाव आणि वेळ आपोआप पडते. कोर्टात प्रकरण गेलं की वकील सगळ्यात आधी तोच रकाना मागवतात. मी लिहिलं: "पडताळणी झालेली नाही. वाचता न आलेले फोटो मागितले, क्लायंटने नकार दिला. हरकत प्रलंबित असताना मॅनेजरने होल्ड काढला व पत्र गेले. पडताळणीच्या पत्रावर सही करण्यास मी नकार दिला आहे." एंटर दाबलं. मग केव्हिनला ईमेल केला की नोंद केली आहे, कृपया पाहावी.

तासाभरात मला पुन्हा बोलावणं आलं. स्पीकरवर आमच्या एजन्सीने नेमलेली बाहेरची वकील होती. तिने माझं नाव विचारलं आणि एकच प्रश्न केला, "नोंद सिस्टिममध्ये आहे?"

"आहे."

"केव्हिन, त्या फोटोंसाठी क्लायंटला मी स्वतः फोन करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आले. नऊ सतराला बाहेर जाणारी गाडी, नंबरप्लेटवर बर्फाचा थर, शेवटचे दोनच अंक दिसताहेत. अकरा एकोणपन्नासला आत येणारी तीच गाडी, तोच थर. मागच्या बंपरच्या डाव्या बाजूचा पोचा चारही फोटोंत एकाच जागी. पहिल्या खेपेला काका तीन मिनिटं होते. दुसऱ्या खेपेला नऊ.

वकील म्हणाली, खातं बंद करा, पत्र पाठवा. छापील पत्रात एवढंच असतं की आम्ही या खात्यावर पुढील वसुली करणार नाही. मी ते पाठवलं. मला वाटलं संपलं.

चार दिवसांनी काकांचा फोन. "ताई, पत्र आलं. याचा अर्थ काय, माफ केलं?"

"माफ नाही काका. तुमचं देणंच नव्हतं."

"मग तसं लिहा ना. पुढील वसुली करणार नाही म्हणजे काय? दया केली? मला दया नको. मी दोन तासांच्या आत निघालो होतो, दोन्ही वेळा. ते तुमच्या कागदावर आलं पाहिजे. मुलीला दाखवायचंय मला. इतके दिवस लपवलं, आता दाखवीन तर नीट कागद दाखवीन."

मी त्या वकील बाईला फोन केला. ती हसली, मग म्हणाली, "बरोबर बोलतोय तो." नवं पत्र निघालं. त्यात वाक्य होतं: दोन्ही वेळी आपले वाहन विनामूल्य वेळेच्या आत बाहेर पडल्याचे आमच्या तपासणीत आढळले आहे. त्या पत्रावर मी आनंदाने सही केली.

त्या पार्किंगची बाकीची खातीही त्या वकील बाईने क्लायंटला परत पाठवायला लावली. बर्फाच्या दिवसांतली बरीच होती. त्यातल्या किती जणांनी आधीच मुकाट्याने भरले होते, ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

दोन महिन्यांनी माझी जागा रद्द झाली. कामगिरीबद्दल तक्रार नाही, म्हणाले, फक्त जागा रद्द. सहा आठवड्यांचा पगार देऊ केला, त्यासोबत इथलं काही बाहेर बोलणार नाही असा करार. निखिलने तो वाचला. मला वाटलं, सही कर म्हणेल. त्याने तो परत पाकिटात घातला आणि म्हणाला, "या पैशांशिवाय सहा आठवडे चालवून घेऊ." पुढे पाच महिने चालवून घ्यावं लागलं. आता मी एका छोट्या लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. वसुलीची पत्रं आलेले लोक आमच्याकडे येतात. पगार थोडा कमी आहे.

येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. असं पत्र घाबरून भरू नका आणि चिडून फेकूही नका. तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या, प्रत ठेवा, पोस्टाची पावती ठेवा. आणि "पडताळणी केली आहे" असं उत्तर आलं, तर कोणी केली आणि काय बघून केली, एवढे दोन प्रश्न परत लेखी विचारा. मी स्वतः त्या टेबलामागे काम केलं आहे. बहुतेक वेळा कोणीच काही बघितलेलं नसतं.