अण्णांची एकसष्टी आणि काकूंचं ताट

दुष्काळात आमच्या सोसायटीचं दूध आटलं, बोलणं काही आटलं नाही. उलट कॅन रिकामे राहायला लागले तसे लोक जास्त वेळ बसायला लागले. अर्धा लिटर दूध घालायला आलेला माणूस दोन तास बसून जायचा. त्यात सोसायटीला हॉटेल निवडायचं काम लागलं, मग तर काय विचारता.

चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीत मी दुधातलं फॅट मोजायला. चेअरमन म्हणजे बप्पा, आवाज मोठा आणि काम बेताचं. सेक्रेटरी भानुदास अण्णा. आणि अण्णांच्या घरातून रोज चहाची किटली पाठवणाऱ्या आमच्या काकू. काकू सोसायटीच्या सभासद नाहीत, पण त्यांचा चहा आल्याशिवाय कोरम होत नाही.

अण्णांची एक खोड आधीच सांगून ठेवतो. ताट पुढं आलं की माणूस म्हणणार, "मीठ कमी हाय." घरी, दारी, लग्नात, तेराव्याला. एकदा तर भात अजून वाढायचा होता आणि हे म्हणून मोकळे. मी म्हणलं, "अण्णा, चाखून तरी बघा की." तर म्हणाले, "चाखायला कशाला पायजे? बघूनच कळतंय." लग्न झाल्यापासून काकू रोज हे ऐकतात आणि रोज उठून मीठ आणतात.

*

येत्या एक जूनला अण्णांची एकसष्टी येत होती. खरी तारीख कुणाला ठाऊक? आई सांगायची, तांबड्या गाईला कालवड झाली त्या आठवड्यातला हाय. शाळेत गुरुजींनी विचार केला नाही, एक जून टाकून दिली. बप्पांची एक जून. माझीही एक जून. आमच्या गावात बाकीच्या महिन्यांत माणसं जन्मतच नाहीत.

बप्पांनी मीटिंग घेतली. शाल, नारळ, तुला, भाषण असं सगळं ठरवत आणलं. सूचक मी, अनुमोदक बप्पा स्वतःच. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "ते काय नको. हिला हॉटेलात जेवायचंय."

किटली घेऊन काकू दारातच उभ्या होत्या. बप्पांनी विचारलं, "काकू, कधी गेलताव का हॉटेलात?"

"गेलते की," काकू म्हणाल्या. "हे आत जेवायले, मी टेंपोत बसले. पार्सल आलं तवर भाकरी गार."

"मग आता कसलं हॉटेल पायजे?"

काकूंनी किटली खाली ठेवली. "हॉटेल कसलंबी असू द्या. मला बसून जेवायचंय, गरम, अन समद्यांच्या आधी. ताट वाढायचं न्हाई, उचलायचं न्हाई. एक डाव बास."

खरं सांगतो, मला त्या वेळी माझ्या घरचं ताट डोळ्यापुढं आलं आणि मी चहा अर्धाच पिलो.

*

सहकारात कुठलंही काम पाहणी समितीशिवाय होत नाही. बप्पा, अण्णा आणि मी अशी समिती झाली, बिनविरोध.

पहिली पाहणी हायवेवरच्या धाब्याची. शेवभाजी फर्मास. अण्णांनी वाटी बघितली, मीठ कमी असल्याचं जाहीर केलं आणि दोन वाट्या संपवल्या. जेवण झाल्यावर बप्पा हात वर धरून नळ शोधायला लागले. नळ होता, त्याला फडकं बांधलं होतं.

"पाणी कुठाय?" बप्पांनी विचारलं.

मालक गल्ल्यावरून म्हणाला, "बप्पा, जेवा कितीबी. हात घरी जाऊन धुवा."

बप्पा एका हातानं मोटारसायकल चालवत गावापर्यंत आले. मी मागं बसलो होतो, माझे दोन्ही हात खरकटे. धरायचं कुठं?

*

दुसरी पाहणी तेलगावच्या वाटेवरल्या एका गार्डन रेस्टॉरंटची. सगळ्या शिवारात हिरवं पान नाही, आणि तिथं हे एवढं लॉन! बप्पा चप्पल काढून त्याच्यावर चालले. मग एकदम थांबले. लॉनच्या कडेला आमच्या गावाला येणारा टँकर उभा, आणि आमचा दगडू ड्रायव्हर पाइप धरून पाणी मारतोय.

"दगड्या, तू इथं कावून बे?"

दगडू जराही दचकला नाही. "बप्पा, गवताचाबी जीवच हाय की."

मला वाटलं आता बप्पा तिथंच पंचनामा करणार. पण बप्पा शांतपणे खुर्चीवर बसले आणि पनीर मागवलं. मी कानात म्हणलं, "बप्पा, बोला की त्याला."

"आधी जेवू दे," बप्पा म्हणाले. "आधी बोललं तर वाढतेत का मग?"

जेवून झाल्यावर मात्र असे काही बोलले की दगडू टँकर घेऊन थेट गावात, आणि त्या दिवशी आमच्या आळीला दोनदा पाणी. लॉन पुढच्या आठवड्यात पिवळं पडलं. समितीनं ठराव केला, हॉटेल आता पाहण्यासारखं राहिलं नाही.

*

तिसरं बीडमधलं एसी हॉटेल. काचेचा दरवाजा, मऊ खुर्च्या. शेवटी वेटरनं प्रत्येकापुढं वाटीत कोमट पाणी आणून ठेवलं, त्यात लिंबाची फोड. अण्णांनी पाण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि तिन्ही वाट्या तिच्यात ओतल्या. फोडी तेवढ्या काढून ठेवल्या.

वेटर म्हणाला, "साहेब, ते हात धुवायचं आहे."

"हात घरी धुतो," अण्णा म्हणाले. "हे वासराला नेतो."

वेटर पोरगा शेतकऱ्याचाच असणार. आत गेला आणि आणखी एक जग भरून आणला. बप्पांनी त्याच जागेवर हॉटेल मंजूर करून टाकलं.

*

अहवाल ऐकायला काकूंना बोलावलं. बप्पांनी उभं राहून शेवभाजी, पनीर, सूप, सगळं सविस्तर सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, "तिथं बायका कुठं बसत्यात?"

तीन हॉटेलं झाली होती, कुणीच बघितलं नव्हतं.

"मग काय पाह्यलं तुमी?" काकू म्हणाल्या. "जेवायचं मला, अन तीन डाव जेवून तुमीच आलाव."

त्या दिवशी आम्हाला चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बप्पा स्वतः जाऊन सांगून आले की काकू, बीडचं ते हॉटेल नक्की, आणि पहिलं ताट तुमचंच. तुमच्या आधी कुणी घास उचलला तर मी चेअरमन न्हाई.

*

एक जूनला संध्याकाळी आम्ही बीडला पोचलो आणि तोंडात बोटंच घातली. हॉटेलाच्या बाहेर ही गर्दी! आमच्या गुरुजींसारखे गुरुजी सगळ्या जिल्ह्यात होते, हे आमच्या समितीच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक टेबलावर केक. माईकवरून कुणीतरी विचारलं, "बर्थडे कुणाचा आहे?" तर अर्धा हॉल उभा राहिला. त्यात बप्पाही.

कशीबशी जागा मिळाली. काकू इरकली नेसून, मऊ खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या. वेळ गेला, वेटर काही येईना. आजूबाजूला पोरं भुकेनं रडायला लागली. काकूंचा जीव वरखाली व्हायला लागला. त्यांनी पदर खोचला आणि उठल्या. "मी बघते आत. त्या वाढप्या पोरांच्या हातून कुठं उरकतंय."

"बस," अण्णा म्हणाले. "उठायचं न्हाई."

काकू बसल्या. अण्णांनी खांद्यावर उपरणं टाकलं आणि भटारखान्यात शिरले. घरी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस! बप्पा म्हणाले, "ह्याला आत कोण घेतंय?" पण थोड्या वेळानं दार ढकलून अण्णा बाहेर आले. दोन्ही हातांत ताट, वांग्याच्या भाजीतून वाफ निघतेय, भाकरी फुगलेली. येताना एका टेबलवाल्यानं हाक मारली, "ओ काका, कांदा आणा." अण्णा मान हलवून म्हणाले, "आणतो, आधी हे पोचवू द्या."

ताट काकूंपुढं ठेवलं. बप्पांनी आमच्याकडं डोळे वटारून बघितलं, कुणी हात लावायचा नाही म्हणून. काकूंनी सावकाश भाकरी मोडली, भाजीला लावली, घास हातात धरला.

अण्णा शेजारी उभेच होते. घाम पुसत त्यांनी विचारलं, "कसं हाय?"

काकूंनी हातातल्या घासाकडं बघितलं. मग अण्णांकडं.

"मीठ कमी हाय."

अण्णा मीठ आणायला आत गेले.