गस्तीची गाडी

राज्य सरकारनं पैसे दिले म्हणून आमच्या रस्त्यावर आता पोलिसांची नवीकोरी गाडी गस्त घालते. रोज दिवेलागणीला ती फाटकासमोरून जाते. काचा वर केलेल्या, टपावर लाल-निळा दिवा फिरतोय. तो उजेड माझ्या व्हरांड्याच्या भिंतीवरून सरकतो आणि पुसला जातो.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा गस्त सायकलवर यायची. शेजारच्या माई एकट्या राहायच्या. त्यांच्या फाटकाशी हवालदार एक पाय टेकून थांबायचे, घंटी वाजवायचे आणि विचारायचे, "माई, आहात ना?"

"आहे रे बाबा, जातेय कुठं!" आतून असं ऐकू आलं की सायकल पुढे निघायची.

मला हसू यायचं. चोर सोडून हे म्हातारीची हजेरी घेतात! मग एका संध्याकाळी आतून उत्तरच आलं नाही. हवालदार सायकल तिथंच आडवी टाकून आत धावले. माई न्हाणीघरात पडल्या होत्या. हवालदारांमुळेच वाचल्या. त्यानंतर मी कधी हसले नाही.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. बायका गळ्यातली साखळी पदराखाली न लपवता फिरायला जातात, हे काय थोडं झालं?

फक्त, आता या रस्त्यावर एकटी राहणारी मी आहे. काल मेथी निवडत बसले होते. भिंतीवर लाल-निळा उजेड आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे रे बाबा, जातेय कुठं!"

गाडी तोवर कोपऱ्यावरून वळली होती.