दोन बोटांमागे फिरणारी नजर

सुरुवातीलाच माफी मागतो. आपल्या कोलकात्याच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत लिहिणारे बहुतेक जण बँकेतले, केंद्र सरकारच्या खात्यांतले किंवा सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या आयटी ऑफिसांतले असतात. मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही एक वर्ष मागे पडून. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी शाळा मला गावी चौथीपर्यंतच मिळाली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. "आम्हाला सांगितलंस तसंच लिही, जास्त सजवू नकोस," असं मंडळातल्या जोशीकाकू म्हणाल्या म्हणून धीर केला. मी डॉक्टर नाही. पण कुणाच्या घरात असं काही चाललं असेल, तर त्यांना या आजाराचं नाव तरी कळावं.

मला ते नाव जुलै महिन्यात कळलं, एका सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात. सकाळी साडेसातला ओपीडीचं तिकीट काढलं होतं, नंबर लागला पावणेबाराला. डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट चाळले. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, रक्त नॉर्मल. मग विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीत काय झालं होतं?"

पाच महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हिंदीत म्हणाले, "तुम पागल नहीं हो. जो हुआ, वो दिमाग में अटक गया है." मग त्यांनी कागदावर लिहिलं, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. थोडक्यात पीटीएसडी. एखाद्या भयंकर घटनेनंतर ती घटना संपते, पण शरीराला ती संपल्याचं कळत नाही. ते पुन्हा पुन्हा तिथेच जातं.

आता फेब्रुवारीत काय झालं ते सांगतो.

आमचं बेहालाला गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं. सांगली जिल्ह्यातली आमच्यासारखी पुष्कळ घरं हाच धंदा करत देशभर पसरली आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातवी शिकून इथे आले. माझा चुलत भाऊ सुनीलदादा पंधराव्या वर्षी आला आणि अण्णांच्या हाताखाली तयार झाला. सोनं तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळताना आधी तांबूस धूर निघतो. काम संपत आलं की तो थांबतो. आमच्या दुकानातला नियम असा, की ज्याने भांडं चढवलं त्याने लाल धूर थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. जेवण असो, पाहुणे असोत, कुणीही येवो.

त्या दिवशी भांडं मी चढवलं होतं. कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आजच होती आणि माझा फॉर्म अडकला होता. दादा म्हणाला, "जा की. मी बसतो." मी उठलो आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मागून भांडं तडकल्याचा आवाज आला.

तेजाब दादाच्या चेहऱ्यावर आणि हातावर उडालं होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवत होतं. ऑटो, हॉस्पिटलचं दार, अण्णांच्या पायात चपला नव्हत्या. तीन आठवड्यांनी काका, म्हणजे दादाचे वडील, येऊन दादाला बँडेजसकट गावी घेऊन गेले. त्यानंतर मी विचारलं की अण्णा एवढंच म्हणायचे, "बरा आहे. औषधं चालू आहेत." मीही पुढे विचारत नव्हतो. उत्तराची भीती वाटायची. दादाचा फोन बंद असायचा, आणि खरं सांगायचं तर तो बंद लागला की मला सुटल्यासारखं वाटायचं.

मला पहिला त्रास चहाच्या टपरीवर झाला. इथे मातीच्या कुल्हडातून चहा देतात, त्याला बंगालीत भांडच म्हणतात, आणि पिऊन झाला की लोक तो खाली फेकतात. शेजारच्या माणसाने फेकला आणि तो फुटला. माझे हात गार पडले, नाकात तेजाबाचा वास आला. तिथे तेजाब नव्हतं. मी टपरीवर जाणं सोडलं. मग टपऱ्या असलेले रस्ते सोडले. कोलकात्यात असा रस्ता शोधून बघा. जूनमध्ये परीक्षेच्या हॉलच्या खिडकीखालीच टपरी होती. दुसऱ्या पेपरला मी अर्ध्या तासात उठून बाहेर आलो आणि उरलेले पेपर दिलेच नाहीत.

ओपीडीतल्या डॉक्टरांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या आणि मला सॉल्ट लेकला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. म्हणजे मनाच्या त्रासावर बोलून आणि इतर पद्धतींनी उपचार करणारी व्यक्ती. मी त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांच्या उपचाराचं नाव आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. सगळे ईएमडीआर म्हणतात. त्रास देणारी आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डोळ्यांनी मॅडमच्या बोटांचा पाठलाग करायचा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यामुळे आठवण पुसली जात नाही, पण तिचा चटका कमी होतो.

मला एकट्याने बसमध्ये बसवत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी अण्णा सोबत होते. मॅडमनी त्यांना आत बोलावून दोन बोटं हलवून दाखवली. अण्णांनी मान डोलावली. परतताना म्हणाले, "म्हणजे नजरेचंच आहे. तेजाबाच्या धुराने डोळे बिघडलेत तुझे. मला वाटलंच होतं."

मी त्यांची समजूत तशीच राहू दिली. मनाचा आजार म्हणण्यापेक्षा डोळ्यांचा म्हणणं सोपं होतं, त्यांनाही आणि मलाही. ही माझी चूक. तिची किंमत काय होती ते मला पुढे कळलं.

त्या दिवसापासून आई रोज गाजराची कोशिंबीर करायला लागली. खालच्या मजल्यावरच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, सांगितलं, मौरला मासा खाल्ला की डोळे सुधारतात. आई म्हणाली, "आमच्यात मंगळवारी नाही चालत." बौदी म्हणाल्या, "तर मग बुधवारी खाऊ घाल! मंगळवारी कोण म्हणतंय?" बुधवारी त्याच ते छोटे मासे तळून घेऊन वर आल्या. मी खाल्ले. चांगले लागले.

पहिल्या दोन भेटींत मॅडमनी बोटं हलवलीच नाहीत. आधी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, जिथे तुला काहीच धोका वाटत नाही अशी एखादी जागा मनात शोध. मी बागबाजारचा घाट निवडला, दुपारचा, लाँच येऊन लागते तो. त्रास फार वाढला तर मनाने तिथे परत यायचं. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, त्या घटनेतलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं? स्वतःबद्दल कोणतं वाक्य मनात येतं? आणि शून्य ते दहामध्ये त्रास किती?

चित्र होतं मोकळ्या स्टुलाचं, ज्यावरून मी उठलो होतो. वाक्य मी आधी इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत. दोन्ही वेळा ते पुस्तकातलं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "घरात ज्या भाषेत बोलतोस त्या भाषेत सांग. मला नाही समजलं तरी चालेल."

मी म्हणालो, "मी उठायला नको होतं."

आणि रडायला लागलो. त्रास दहा.

बोटं फिरली, डोळे फिरले. अर्धं मिनिट झालं की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "आता काय येतंय?" जे येईल ते सांगायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही. पुन्हा बोटं. पहिल्या दिवशी दहाचे नऊ झाले. घरी आलो तर डोकं ठणकत होतं, दोन दिवस स्वप्नं वाढली. हे होऊ शकतं असं मॅडमनी आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

इथे एक कळकळीची विनंती. मी अतिशहाणपणा करून मोबाईलवर हलत्या ठिपक्याचा व्हिडिओ लावला आणि घरीच उपचार करायला बसलो. म्हटलं, लवकर उरकेल. आठवण उघडली, पण बंद करता येईना. संध्याकाळभर आई माझा हात धरून बसली होती. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "टाके घालायला कुणी नसताना पोट उघडतात का?" हे शिकलेल्या माणसाकडेच करा.

डोळे हलवल्याने असं का होतं, हेही मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या की त्यावर अजून वाद आहेत. एक समजूत अशी, की मनाला एकाच वेळी दोन कामं दिली की चित्र पूर्वीच्या जोराने धरून ठेवता येत नाही. आपल्याला सगळं माहीत आहे असं त्या कधीच दाखवत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सहाव्या की सातव्या भेटीत एक तुकडा परत आला. मी गल्लीतून धावत आलो होतो. दादाला बखोटीला धरून नळाखाली ओढलं होतं आणि त्याचं डोकं पाण्याखाली धरून ठेवलं होतं, बराच वेळ. तो सुटायला बघत होता आणि मी सोडत नव्हतो. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी अण्णांना विचारलं होतं, "पाणी कुणी मारलं? बरं केलं." हे सगळं मी तिथे उभा राहून ऐकलं होतं. इतके महिने ते जणू माझ्याकडे नव्हतंच.

डिसेंबरपर्यंत त्रास तीनवर आला. शून्य झाला नाही, आणि तो झालाच पाहिजे असं मॅडमनीही म्हटलं नाही. मी टपरीवर जाऊन चहा प्यालो. कुणीतरी भांड फेकला, मी दचकलो, आणि चहा पुरा केला.

मग जानेवारीतल्या एका रविवारी, जेवण झाल्यावर, मी अण्णांना म्हणालो, "दादाचं मला खरं सांगा."

आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "आधी तुझे डोळे बरे होऊ देत."

"अण्णा, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं." मग मी बसून सगळं सांगितलं. त्या दिवशी भांड्यापासून का उठलो, कुल्हड, परीक्षा, बोटं, सगळं.

शेवटी अण्णा म्हणाले, "आरं, मग मी तिकडं काय सांगून बसलोय? सुनील दर फोनला मागून काकांना विचारायला लावतो, तुझे डोळे कसे आहेत म्हणून. मी म्हणतो, उपचार चालू आहेत. त्याला वाटतंय त्याला ओढताना तुझ्या डोळ्यांत तेजाब गेलं. म्हणून तर तो फोनवर येत नाही."

अकरा महिने मी त्याला तोंड दाखवू शकत नव्हतो आणि तो मला. अण्णांनी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग दादाचा आवाज आला.

"काय रं. दिसतंय का तुला?"

"दिसतंय दादा. सगळं दिसतंय. मला कधी काही झालंच नव्हतं."

मग त्याने मला अशी एक शिवी दिली की ती या स्मरणिकेत छापता येणार नाही. आम्ही दोघंही हसलो. मी त्याला मॅडमबद्दल सांगितलं. आधी डोकं उघडल्यासारखं दुखतं, मग हळूहळू चित्र लांब जातं, कुल्हड फुटला तरी आता चहा संपवता येतो, असं सगळं. त्याने नीट ऐकून घेतलं. मध्येच म्हणाला की त्यालाही झोप नसते, गॅस पेटवल्याचा आवाज आला तरी तो घराबाहेर जाऊन उभा राहतो. काकू आता मागच्या पडवीत चुलीवर स्वयंपाक करते.

अंगणात कुणीतरी होतं बहुतेक, कारण त्याने आवाज खाली केला.

"ते बोटांमागं बघायचं असतंय," तो म्हणाला, "ते एका डोळ्यावर होतं का रं?"

दादाचा डावा डोळा गेला, ही बातमी मला अशी कळली.